केटीचा चावा

इंजिनीअरिंगला आलेल्या प्रत्येकाला एकदा तरी केटी लागते, असं सीनियर मंडळींनी पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं. मला केटी लागली नाही. चावली! तीही उजव्या हाताला, सबमिशनच्या आदल्या रात्री, मशीन ड्रॉइंगच्या तीन शीट बाकी असताना.

ज्यांना आमचं होस्टेल माहीत नाही (म्हणजे घरचा डबा खाणारी डे-स्कॉलर जनता), त्यांच्यासाठी आधी ओळख करून देतो. केटी ही मेसच्या मागे, गॅस सिलिंडरच्या जाळीखाली राहणारी राखाडी पट्ट्यांची मांजर. एका कानाला जुन्या भांडणातली खाच. 'कॅट'चं 'केटी' झालं असं पहिल्या वर्षाची मुलं समजतात, पण खरी गोष्ट वेगळी आहे. एका सीनियरच्या खोलीत ती रोज येऊन बसायची. हाकललं की जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तो वैतागून म्हणाला, "ही काही सुटत नाही रे, ही केटीच आहे!" तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

केटीवर होस्टेलमध्ये दोन तट होते. मेसच्या मावशी तिला दुधात पोळी कुस्करून घालायच्या आणि रविवारी चिकनची हाडं बाजूला काढून ठेवायच्या. दुसऱ्या तटाचं म्हणणं असं, की ओरलच्या दिवशी ती आडवी गेली म्हणून एक्स्टर्नलने सव्वा तास पिळलं. (अभ्यास केला नव्हता, ही बाब गौण.) मी मावशींच्या तटातला. निदान त्या रात्रीपर्यंत तरी होतो.

तर ती रात्र. साडेअकरा वाजले होते. काचेखाली ट्यूबलाइट लावून जीटी मारणं चालू होतं. पाठ मोडून आली म्हणून मी कॉरिडॉरमध्ये येऊन पायरीवर बसलो. केटी आली, पायाला डोकं घासलं, शेजारी बसली. मी हात फिरवायला लागलो. तिची घुरघुर सुरू झाली. बरं वाटलं. दोन दिवसांपूर्वीच एम-थ्रीच्या टेस्टचे मार्क लागले होते, ३० पैकी ९. सगळं जग आपल्यावर रागावलेलं असताना एक मांजर तरी आपल्यावर खूश आहे, असं वाटत होतं. डोक्यावरून, मानेवरून, पाठीवरून हात फिरवत मी शेपटीपर्यंत गेलो. एकदा, दोनदा... आणि तिसऱ्या वेळी तिने गर्रकन मान वळवून अंगठ्याच्या खालच्या गादीत दात रुतवले. क्षणभरच. मग हात सोडून ती अंधारात पसार.

हाताकडे बघितलं तर चार बारीक ठिपके. रक्त म्हणाल तर दोन थेंब. शेव्हिंग करताना याहून जास्त येतं.

होस्टेलमध्ये औषध मिळत नाही, पण डॉक्टर प्रत्येक खोलीत असतो. पाच मिनिटांत कॉरिडॉरमध्ये तज्ज्ञांची समिती जमली. एक म्हणाला हळद लाव. दुसरा म्हणाला चुना लाव. तिसऱ्याने लाल तिखट सुचवलं. "रेबीज कुत्र्याचा असतो, मांजराचा नसतो," असं एकाने छातीठोकपणे सांगितलं. "असला तरी चौदा इंजेक्शनं, बेंबीभोवती," असं दुसऱ्याने सांगितलं आणि माझा दवाखान्यात जायचा जो काही विचार होता तो तिथेच संपला. मेसमधून हळद आणली, चोपडली, वर रुमाल बांधला आणि डाव्या हाताने पेन्सिल धरायचा प्रयत्न करत बसलो. हातापेक्षा जास्त दुखत होतं ते वेगळंच. चांगली घुरघुरत होती, मग चावली का? गद्दार!

सकाळी जाग आली ती फोनने. आईचा होता. हात बघितला तर बटाटेवड्यासारखा टम्म. अंगठा मिटत नव्हता. आईने आवाजावरून ओळखलं की काहीतरी झालंय. मी सांगितलं. ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा."

"आज सबमिशन आहे."

"असू दे सबमिशन. आधी जा."

आणि मी ओरडलो. "तुला काय कळतंय त्यातलं? शीट राहिल्या तर टर्म जाईल माझी! काही माहीत नसताना उगाच सांगत बसू नकोस!" फोन ठेवून दिला.

दोन मिनिटांनी पुन्हा वाजला. आई एवढंच म्हणाली, "आप्पा आठव," आणि तिनेच फोन ठेवला.

आप्पा म्हणजे आमच्या गावातले शेजारी. मला सायकल त्यांनी शिकवली. मागे कॅरियर धरून पळायचे आणि कधी सोडून द्यायचे ते कळू द्यायचे नाहीत. मी पाचवीत असताना त्यांना कुत्रं चावलं. जखम लहानशी होती. कुणीतरी दंडाला दोरा बांधून दिला. लस तालुक्याला मिळत होती, पण सुगी चालू होती. दोन महिने काहीच झालं नाही. मग एके दिवशी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या केला आणि त्यांना तो तोंडाला लावता येईना. पुढचं मी लिहीत नाही. आम्हा मुलांना त्या घराकडे जाऊ देत नव्हते, पण आवाज ऐकू येत होता.

मी रूममेटला उठवलं. म्हटलं, "गाडी काढ."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी हात बघून पहिला प्रश्न विचारला, "धुतलास का?" मी म्हटलं, "हळद लावलीय." त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी फक्त एम-थ्रीच्या सरांची बघितली आहे. मग मला बेसिनवर उभं केलं आणि साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धरायला लावला. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. "हे काल रात्रीच करायचं होतं," त्या म्हणाल्या. "साबण आणि पाणी होस्टेलमध्ये मिळतं ना?" (पाणी नेहमी मिळत नाही, पण ते मी बोललो नाही.)

त्या दिवशी मला जे कळलं ते इथे नीट लिहून ठेवतो, कारण आमच्या कॉरिडॉरमधली समिती पुढच्या वर्षीही बसणार आहे.

एक, रेबीज मांजराकडूनही होतो. कुत्र्याकडून जास्त होतो हे खरं, पण विषाणूला प्राण्याची जात विचारायची सवय नाही. आणि एकदा लक्षणं दिसली की जवळजवळ कुणीच वाचत नाही.

दोन, बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं ही आता आजोबांच्या काळातली गोष्ट. मेंढ्यांच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस भारतात २००५ पासून वापरात नाही. मला दंडावर मिळाली. दोन्ही दंडांवर कातडीत, त्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दंडात खोल, स्नायूमध्ये दिली तर वेळापत्रक थोडं वेगळं असतं. रक्त आलेलं होतं म्हणून जखमेच्या आत आणि आजूबाजूला तयार प्रतिपिंडांचं आणखी एक इंजेक्शन. ते मात्र दुखतं. खोटं कशाला सांगू, मी ओरडलो.

तीन, हात सुजला होता तो रेबीजमुळे नव्हेच. मांजराच्या तोंडात पाश्चरेला नावाचे जिवाणू असतात. कुत्र्याचा दात फाडतो, मांजराचा दात सुईसारखा आत जातो. वरचं भोक लगेच मिटतं आणि जिवाणू आत राहतात. म्हणून चार ठिपके दिसायला किरकोळ, पण एका रात्रीत हात वडा. त्यासाठी गोळ्या, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं.

नंतर लायब्ररीत बघितलं, तर हे जिवाणूंचं नाव लुई पाश्चरवरून आलेलं. आणि ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस टोचायला सुरुवात झाली ती पाश्चर यांचीच. म्हणजे माझ्या हाताच्या दोन्ही दुखण्यांवर एकाच माणसाचं नाव! आमच्याकडे बर्नोलीचं एक समीकरण पाठ होत नाही आणि हे लोक काय काय करून गेले...

निघताना मॅडम म्हणाल्या, "मांजर कुठाय? दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेव. चावताना त्याच्या लाळेत विषाणू असेल तर दहा दिवसांत ते आजारी पडतं, मरतं. पण ते धडधाकट दिसतंय म्हणून तू लस चुकवायची नाहीस. ते मी सांगेन."

होस्टेलवर परतलो तर मेसच्या मागे गर्दी. वॉचमन मामांच्या हातात पोतं, दोघा-तिघांच्या हातात काठ्या, आणि रेक्टर सर कमरेवर हात ठेवून उभे. बेत असा होता की केटीला पोत्यात घालायचं आणि भाजीच्या टेम्पोतून दूर कुठेतरी सोडून द्यायचं. केटी सिलिंडरच्या मागे कोपऱ्यात चिकटून बसलेली. कान सपाट, डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की डोळे काळेच दिसत होते. फिस्कारत होती.

खरं सांगतो, मला तिची दया वगैरे आली नव्हती. हात ठणकत होता. पण मी म्हटलं, "सर, हे मांजर दहा दिवस डोळ्यांसमोर पाहिजे. डॉक्टरांनी सांगितलंय."

सर म्हणाले, "कोण बघणार?"

कुणीच बोलेना. सर माझ्याकडे बघत राहिले. "मग तूच बघ. अकराव्या दिवशी काय ते ठरवू."

अशा रीतीने मी, द्वितीय वर्ष मेकॅनिकल, एका मांजराचा गाइड झालो. जुन्या जर्नलची कोरी पानं काढली आणि रीतसर लिहायला घेतलं. उद्देश: केटी जिवंत आहे का ते पाहणे. साहित्य: केटी, वही, पेन. कृती: लांबून बघणे. (हात लावायची हिंमत नव्हती.)

पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ नोंदी केल्या. खाते, पण कमी. पाणी पिते. (हे लिहिताना आप्पा आठवले आणि बरं वाटलं.) एरवी मेसच्या भिंतीवर उडी मारायची, ती मारत नाही. सारखी मागे वळून शेपटीच्या वरची जागा चाटते. तिसऱ्या दिवशी मावशींनी वाटी ठेवताना चुकून त्या जागी हात लागला, तर तिथली कातडी सर्रकन थरथरली आणि केटी दोन फूट बाजूला झाली.

चौथ्या दिवशी योग आला. मेसला दूध घालणाऱ्या गवळ्याची म्हैस अडली होती, तिच्यासाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर आले होते. मेसच्या काकांनी त्यांना चहाला बोलावलं आणि मला पुढे केलं. माझी वही बघून डॉक्टर हसले. मग मेसच्या कट्ट्यावर माझी व्हायवा सुरू झाली.

"चावली तेव्हा काय करत होतास?"

"सर, हात फिरवत होतो."

"कुठे?"

"पाठीवरून... शेपटीपर्यंत."

"शेपटी काय करत होती?"

"हलत होती, सर."

"कशी?"

"जोरजोरात. म्हणजे खुशीत होती."

"खुशीत शेपटी कुत्रा हलवतो. मांजर शेपटी आपटायला लागलं की त्याचा अर्थ 'पुरे'. कुत्र्याचं व्याकरण मांजराला लावलंस. कान कुठे होते?"

"बघितले नाहीत."

"पाठीची कातडी?"

"बघितली नाही."

"मग बघत काय होतास?"

"सर... मी एम-थ्रीचा विचार करत होतो. पण ती घुरघुरत होती!"

"मांजर दुखत असतानाही घुरघुरतं. आजारी असताना, घाबरलेलं असतानाही. आपण कण्हतो, तसं समज."

मी गप्प. नापास!

डॉक्टरांनी मावशींकडून जुनं टॉवेल घेतलं, केटीला हलकेच त्यात गुंडाळलं, फक्त मागचा भाग उघडा ठेवला आणि शेपटीच्या वरचे केस बाजूला केले. लिंबाएवढं गळू. वर दोन बारीक खपल्या.

"बोका चावलाय," ते म्हणाले. "पळताना मागून. तुझ्या हाताला झालं ना, तेच हिच्या पाठीला झालंय. वरचं भोक मिटलं आणि आत पू झाला. तुला गोळ्या मिळाल्या, हिला मिळाल्या नाहीत, एवढाच फरक." त्यांनी तिथेच गळू फोडून साफ केलं, इंजेक्शन दिलं. केटी ओरडली, तिच्या जागी मीही ओरडलो असतो. ओरडलो होतोच.

मी हिशेब केला. मी तिसऱ्यांदा हात फिरवला तो बरोबर त्या गळवावरून. पहिल्या वेळी तिने कातडी थरथरवली असणार. दुसऱ्या वेळी शेपटी आपटली, ती तर मी बघितलीच होती. कान मागे नेले असणार, मान वळवून हाताकडे बघितलं असणार. ती तीनदा 'नको' म्हणाली होती. चौथ्यांदा दाताने म्हणाली. आणि मी तिला गद्दार ठरवून मोकळा.

चहा घेताना डॉक्टरांनी बाकीचंही सांगितलं. तोवर कट्ट्यावर दहा-बारा जण जमले होते. ज्याला त्याला आपापला चावा आठवत होता.

पहिल्या वर्षाच्या एकाने विचारलं, की त्यांच्या विंगमधलं पिल्लू बोटांना का चावतं? डॉक्टर म्हणाले, तुम्ही बोटं नाचवता म्हणून. पिल्लू खेळतं म्हणजे शिकारच शिकतं. भावंडांबरोबर वाढलं तर एकमेकांना चावून त्याला कळतं, की जोरात चावलं की समोरचा खेळ सोडून जातो. आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लाला हे शिकवणारं कुणी नसतं. त्याला दोरी द्या, कागदाचा बोळा द्या, बोटं देऊ नका. आज त्याचे दात दुधाचे आहेत, सहा महिन्यांनी नसतील.

आमच्याच बॅचच्या दोघांनी मागे एका रानटी बोक्याला बाथरूममध्ये कोंडून झाडूने 'धडा' शिकवला होता. त्यातल्या एकाच्या पोटरीवर अजून खूण आहे. डॉक्टर म्हणाले, "दार उघडं ठेवलं असतं तर तो चावला असता का? पळाला असता. मांजराला पळायला वाट असेल तर ते चावायच्या भानगडीत पडत नाही. वाट बंद केली की मग दात." पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाच्या हाताशी त्याची ओळख झाली तर ते माणसाळतं. त्या वयात ओळख झाली नाही, तर त्याच्या लेखी आपला हात म्हणजे त्याला पकडायला आलेलं काहीतरी. ते रागावलेलं नसतं, घाबरलेलं असतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

पिल्लांची आई पिल्लांजवळ गेलात तर चावते. त्यात समजावण्यासारखं काही नाही, तुमची आईही चावेल. दुखणं-बिखणं काही नसतानाही काही मांजरांना थोडाच वेळ हात फिरवलेला आवडतो, मग नकोसं होतं. आणि पोट वर करून लोळलं म्हणजे पोटाला हात लावायचं आमंत्रण नव्हे. विश्वास दाखवला, एवढंच.

"आणि एक सगळ्यात विचित्र," डॉक्टर उठता उठता म्हणाले. "मांजर खिडकीत बसलंय. बाहेर दुसरं मांजर दिसलं. हे चिडलं, पण मध्ये जाळी. त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. तेवढ्यात तुम्ही प्रेमाने उचलायला गेलात, की चावा तुम्हाला! राग त्याच्यावर, दात तुम्हाला. कधी कधी तासाभराने, दोन तासांनीही. तुम्हाला वाटतं, उगाच चावलं."

हे मी वहीत लिहून घेतलं, पण नीट कळलं ते सातव्या दिवशी. संध्याकाळी लसीचा डोस घेऊन आलो तर केटी मेसच्या खिडकीत. पाठ भरत आली होती, उड्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. बाहेर भिंतीवर तोच बोका बसलेला. केटीची शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुललेली, नजर हलत नव्हती, घशातून बारीक आवाज. पहिल्या वर्षाचा एक मुलगा "काय झालं गं केटू?" म्हणत हात पुढे करून निघाला. मी त्याचं मनगट धरलं. "आत्ता नको. तिचं भांडण दुसऱ्याशी चाललंय."

आणि हे बोलता बोलता माझ्याच डोक्यात लख्ख उजेड पडला. माझं भांडण एम-थ्रीशी होतं. ३० पैकी ९ शी होतं. त्या पेपरपर्यंत मला पोचता येत नव्हतं. तेवढ्यात आई जवळ आली, फोनवरून का होईना. आणि मी तिला चावलो.

गच्चीवर जाऊन फोन लावला. आईने आधी विचारलं, "हात कसा आहे?"

"बरा आहे. आई, त्या दिवशी मी ओरडलो ना..."

"अरे, ते तेव्हाच कळलं होतं मला. पेपर अवघड गेला होता ना कुठला तरी? दोन दिवस झाले, नीट बोलत नव्हतास. जेवलास का विचारलं की नुसतं 'हूं'. म्हणूनच तर सकाळी सकाळी फोन केला होता."

मला काही बोलता येईना. शेजारी बसलेल्या मांजराची शेपटी मला दिसली नव्हती. आईला माझी शेपटी तीनशे किलोमीटरवरून दिसली होती.

अकराव्या दिवशी जर्नल घेऊन रेक्टर सरांच्या केबिनमध्ये गेलो. निष्कर्ष: केटी जिवंत आहे. सरांनी सगळी पानं वाचली. (माझं कुठलंच जर्नल याआधी कुणी वाचलेलं नाही, नुसतीच सही होते.) एकच प्रश्न विचारला, "तिला एवढं गळू झालं होतं, आणि रोज तीनशे पोरं शेजारून जात होती. कुणालाच कळलं नाही?"

"नाही सर."

सर थोडा वेळ वहीकडेच बघत होते. मग म्हणाले, "राहू दे तिला. तिला लस टोचून घ्या, पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशनही करून घ्या. पहिली वर्गणी माझी." आणि पाचशेची नोट वहीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस लागली: 'वसतिगृहातील मांजरास विद्यार्थ्यांनी विनाकारण हाताळू नये. हाताळल्यास होणाऱ्या परिणामांस विद्यार्थी स्वतः जबाबदार राहील.' खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'एम-थ्रीसही लागू'.

शीट उशिरा दाखल झाल्या. सर म्हणाले, चोवीस वर्षांच्या नोकरीत हे कारण पहिल्यांदाच ऐकलं. दवाखान्याचा कागद दाखवला तेव्हा सही झाली.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटची सुई टोचून घेऊन आलो आणि त्याच पायरीवर बसलो. केटी आली. या वेळी मी हात फिरवायला गेलो नाही. एक बोट नुसतं पुढे धरलं. तिने वास घेतला, थांबली आणि गाल घासला. मग मी गालावर, कानामागे हात फिरवला. एकदा, दोनदा. तिच्या शेपटीचं टोक हललं. थोडंसंच.

मी हात काढून घेतला.

ती कुठे गेली नाही. तिथेच बसून राहिली.

— द्वितीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी